जिभेवर ठेवा, चावू नका

मागच्या अंकात संत्रा बर्फीबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की संत्रं बर्फीत घालणं सोपं, डार्क चॉकलेटमध्ये घालणं महाकठीण. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की बर्फी बिचारी बाजूलाच राहिली. आर्वीच्या एका बाईंनी तर पत्रासोबत अर्धा बारच पाठवला. म्हणून या वेळचं सगळं सदर चॉकलेटला दिलंय.

आधीच सांगते, मी काही चॉकलेटची कारागीर नाही. वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. वीसेक वर्षांपासून घरीच सरबत, मुरंबा आणि सालीच्या वड्या करून विकते. पुतण्या बंगळुरूला चॉकलेटच्या एका छोट्या कारखान्यात दोन वर्षं कामाला होता. तो सुट्टीत आला की कोकोच्या बिया, जातं, थर्मामीटर असलं काहीबाही घेऊन येतो आणि आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतो. मला जे येतं ते त्याच्याकडून आणि चुकतमाकत आलेलं आहे.

ताई, माझ्या पुण्याच्या भावानं सेंद्रिय डार्क चॉकलेट पाठवलं. ७० टक्के, संत्र्याच्या चवीचं, किंमत साडेतीनशे रुपये. घरात कोणालाच आवडलं नाही. मुलांनी थुंकून टाकलं, सासूबाई म्हणाल्या काढा आहे. ते खराब निघालं की आम्हालाच खाता येत नाही? अर्धं पाठवते आहे, चाखून सांगा.
*– एक वाचक, आर्वी*

तुमचं पाकीट आलं तेव्हा आमच्याकडे मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेल्या संत्र्यांची तोडणी सुरू होती. अंगणात संत्र्यांचे ढीग, आणि त्यात बसून चॉकलेटमधल्या संत्र्याचा वास घ्यायचा म्हणजे वरातीच्या बँडशेजारी तंबोरा लावण्यासारखं झालं असतं. म्हणून दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला चौघं बसलो: मी, एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, पुतण्या आणि आमच्या बागेचे व्यापारी. हे व्यापारी झाडावरचा माल नजरेनं बोली लावून घेतात. चॉकलेटशी त्यांचा काही संबंध नाही, पण संत्र्याच्या सालीबाबत त्यांच्या नाकाशी मी कधी वाद घालत नाही. अट एकच घातली होती, की सकाळपासून खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खायचा नाही. त्यांनी ती पाळली, पण चेहरा एकादशी धरल्यासारखा होता.

आधी पाहिलं. बाराला सारखी चमक होती, कुठे डाग नाही. मग तोडला. ‘टक’ असा कोरडा आवाज आला आणि कड स्वच्छ निघाली. हा आवाज फार मोलाचा. कोकोचं लोणी, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, थिजताना सहा तऱ्हेच्या स्फटिकांत बसू शकतं. त्यातली पाचवी तऱ्हा साधली तरच अशी चमक आणि असा आवाज येतो. त्यासाठी वितळलेलं चॉकलेट ठरावीक अंशापर्यंत निववून पुन्हा हलकं तापवतात, त्याला टेम्परिंग म्हणतात. ही पाचवी तऱ्हा साधारण ३४ अंशांना वितळते, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडी आधीच. म्हणून चांगला बार बोटात टिकतो आणि तोंडात जातो.

मग वास. तुकडा अंगठ्यानं जरा चोळला, की ऊब लागून वास उठतो. व्यापाऱ्यांनी चोळलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले, पुन्हा नेलं. म्हणाले, “वहिनी, हे संत्र आपल्या इकडलं नाही. हे मोसंबीच्या घरचं हाय.” पुतण्या हसायला लागला, कारण माणूस अगदी बरोबर बोलला होता. चॉकलेटात बहुतेक ठिकाणी गोड संत्र्याच्या सालीचं तेल वापरतात. ते आपल्या मोसंबीच्या जातकुळीतलं. आपलं नागपुरी संत्रं वेगळं, सैल सालीचं, आणि त्याचा वासही वेगळा. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण वेष्टनावर नुसतं ‘ऑरेंज’ लिहिलं म्हणजे ते आपलं होत नाही.

आता चव. इथेच तुमच्या घरी गडबड झाली असणार, कारण आमच्या घरीही झाली. सासूबाईंनी तुकडा उचलला आणि शेंगदाण्यासारखा चावला. “बाप्पा! हे त जयलं वं!” झालं. त्यांना पाणी दिलं, चार मुरमुरे दिले आणि दुसरा तुकडा देऊन म्हटलं, आई, हा चावायचा नाही. जिभेवर ठेवा, टाळूला टेकवा आणि तिसापर्यंत मोजा. त्या मोजत होत्या आणि मी लिहून घेत होते. “पयले कडू… आता आंबट लागते थोडं… भाजलेल्या चिंचोक्यावानी लागून रायलं… आता गोड येऊन रायलं, अन् संत्र पुन्हा आलं.”

भाजलेला चिंचोका! एवढं नेमकं वर्णन मला सुचलं नसतं. डार्क चॉकलेट असं पाळीपाळीनं बोलतं. चावलं की सगळे एकदम बोलतात आणि आपल्याला फक्त कडू ऐकू येतं. फ्रिजमधून काढून थंडगार खाल्लं तरी तेच, लोणी वितळायच्या आत आपण गिळून मोकळे होतो. तुम्ही ते फ्रिजमधून काढून मुलांना दिलं होतं का? माझा तरी तसाच अंदाज आहे.

कडू आणि तुरट यांची गल्लत करू नका. कडू जिभेला लागतं, तुरट गालांना. कच्चं केळं किंवा अर्धं पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर तोंड जसं आवळून येतं, तो तुरटपणा. थोडा असतोच, पण तोंड बराच वेळ आवळलेलं राहिलं तर समजायचं, की बिया नीट आंबवलेल्या नाहीत. कोकोच्या बिया फळातून निघतात तेव्हा पांढऱ्या गरात लडबडलेल्या असतात. त्या पाच-सहा दिवस ढिगात किंवा लाकडी पेटीत आंबवतात, मग वाळवतात. चॉकलेटचा वास तयार व्हायला सुरुवात तिथे होते, भट्टीत नंतर. आंबवणं कमी पडलं तर तुरट, हाताबाहेर गेलं तर कुबट, आणि लाकडाच्या धुरावर वाळवल्या तर धुरकट. तुमच्या बारात यातलं काही नव्हतं. किंचित आंबटपणा होता, तो चांगल्या आंबवणीचा.

तेव्हा माझा निकाल असा. बार खराब नाही. कोको चांगला आहे, वाटण इतकं बारीक की जिभेला एक कण लागला नाही. संत्र्याच्या तेलाचा हात जरा सैल सुटलाय, पहिल्या दहा आकड्यांत तेच पुढे पुढे करतं. आणि सालीचे जे तुकडे घातलेत त्यांच्या आतला पांढरा भाग नीट खरवडलेला नाही, त्यामुळे कोकोच्या कडूवर सालीचा वेगळा कडू चढतो. सालीच्या वड्या करणारी बाई ही चूक लगेच पकडते. दहापैकी सात देते. सासूबाईंनी पाच दिले, पण उरलेला तुकडा त्यांच्या उशाजवळच्या डबीत सापडला.

चॉकलेटवर पांढरी बुरशी आली. सेंद्रिय म्हणून लवकर आली का? सगळं फेकून दिलं. बरोबर केलं ना?
*– एक वाचक, रिसोड*

फेकायला नको होतं. ती बहुतेक बुरशी नव्हतीच, आणि सेंद्रियशी तिचा काही संबंध नाही. आपल्याकडे एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो. फळीवर ठेवलेलं चॉकलेट दुपारी मऊ होतं, रात्री पुन्हा थिजतं. असं झालं की लोणी वर येऊन राखेसारखा पापुद्रा धरतं. ऊब असलेलं बोट फिरवलं की हा थर पुसला जातो. दुसरा प्रकार साखरेचा. थंड चॉकलेट उघड्या हवेत काढलं की त्यावर दव धरतं, त्यात साखर विरघळते आणि पाणी उडून गेल्यावर वर खरखरीत थर राहतो. तो बोटानं पुसला जात नाही. दोन्ही खाल्ले तर अपाय नाही, मजा मात्र गेलेली असते. अशा चॉकलेटचं गरम दूध करून संपवावं. खरी बुरशी केसाळ दिसते आणि तिला कुबट वास येतो. नुसत्या चॉकलेटात पाणीच नसतं म्हणून ती क्वचित धरते, पण ओलसर फळांचे तुकडे घातले असतील तर बघून घ्यावं.

ठेवायचं कसं? चॉकलेटला १६ ते १८ अंशांची हवा मानवते. ती आपल्याकडे पौषात मिळते आणि एरवी फ्रिजशिवाय गती नाही. वेष्टनासकट घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. खायच्या आधी तासभर डबा बाहेर काढून ठेवा, पण झाकण उघडू नका. दव डब्याला धरू दे, चॉकलेटला नको. आणि मसाल्यापासून लांब ठेवा. कोकोचं लोणी वास ओढून घेतं. मी एकदा बार सावजी मसाल्याच्या पुडीशेजारी आठ दिवस विसरले होते. त्याची चव कशी लागली ते विचारू नका.

मी निवृत्त शिक्षक, मधुमेही. मुलगी म्हणते डार्क चॉकलेट चालतं, त्यातही सेंद्रिय असेल तर अजिबात हरकत नाही. खरं आहे का?
*– एक वाचक, पुसद*

सर, सेंद्रिय साखर ही साखरच असते. ७० टक्के म्हणजे कोकोचा लगदा आणि कोकोचं लोणी मिळून ७०, उरलेल्या ३० मध्ये जवळजवळ सगळी साखर. ५० ग्रॅमचा बार एकट्यानं संपवला तर १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पोटात गेली. संत्र्याची साल पाकवून घातली असेल तर आणखी. ८५ टक्क्यांत साखर निम्म्यावर येते, पण लोण्याची चरबी वाढते. किती चालेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, मुलीला नको. मुली बापाच्या बाजूनं कौल देतात.

एक गोष्ट मात्र चवीच्या बाजूनं सांगते. दोन कंपन्यांचे ७० टक्के सारखे लागत नाहीत. एकात लगदा जास्त, दुसऱ्यात लोणी जास्त. आकडा तोच, पण एक जहाल आणि दुसरा गुळगुळीत. त्यामुळे आकड्यावरून गुण देऊ नयेत.

मावशी, आमच्या बचत गटानं संत्रा चॉकलेट करायचं ठरवलं. बाजारातून डार्कची लादी आणली, वितळवली आणि त्यात ताज्या संत्र्याचा रस घातला. एकदम गोळा झाला, रव्याच्या शिऱ्यासारखा. दोन किलो माल वाया गेला. काय चुकलं? दुकानदार म्हणतो कंपाऊंड वापरा, स्वस्त पडतं आणि वितळत नाही. तालुक्याच्या प्रदर्शनात ‘सेंद्रिय डार्क संत्रा चॉकलेट’ म्हणून ठेवू का?
*– बचत गटाच्या सदस्या, मोर्शी*

पोरींनो, माल वाया नाही गेला. त्या गोळ्यात गरम दूध घालत घोटा, मस्त सॉस होईल, आइस्क्रीमवर घाला. चुकलं ते एवढंच, की चॉकलेट ही कोरडी वस्तू आहे. लोण्यात साखरेचे आणि कोकोचे कण तरंगत असतात. त्यात चमचाभर पाणी पडलं तरी साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि गोळा बसतो. वाफेचा थेंब पडला तरी होतो. म्हणून रस कधीच नाही. संत्रं आणायचं ते सालीतून. पातळ सोलायचं, आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून टाकायचा, साल सावलीत इतकी वाळवायची की मोडताना कडकड वाजली पाहिजे, मग मिक्सरवर फिरवून वस्त्रगाळ करायची. खरा वास सालीच्या तेलातच असतो. लहानपणी दिव्यासमोर साल पिळून ठिणग्या उडवल्या असतील ना, तेच तेल.

आता कंपाऊंडचं. त्यात कोकोचं लोणी काढून वनस्पती तूप घातलेलं असतं, म्हणून ते स्वस्त आणि आपल्या उन्हात टिकाऊ. टेम्परिंगची कटकट नाही. विकायला माझी हरकत नाही, ‘संत्रा कंपाऊंड’ असं लिहा आणि विका. पण त्यावर ‘डार्क चॉकलेट’ लिहू नका. आणि ‘सेंद्रिय’ तर मुळीच नाही, ते प्रमाणपत्राशिवाय लिहिता येत नाही.

तुम्ही प्रदर्शन म्हणालात म्हणून माझीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. निघायच्या आधी मी तर्री-पोहे खाऊन घेतले, वरून कच्चा कांदा. मंडपात सात नमुने होते. चार नंबरच्या ताटलीचा संत्र्याचा वास दोन टेबलं ओलांडून येत होता. मी तो चावला, वा म्हटलं आणि पहिला नंबर देऊन मोकळी झाले. सहा नंबरचा चाखला तेव्हा मला काहीच जाणवलं नाही. बक्षीस वाटून झाल्यावर चार नंबरवालीच माझ्याजवळ आली. प्रामाणिक बाई. म्हणाली, “ताई, ते कंपाऊंड आहे, अन् वास बाटलीतला.” मग मी सहा नंबर मागवला, तोंड धुतलं, अर्धा तास बसले आणि पुन्हा चाखला. तिनं वाळवलेली साल घातली होती, अस्सल चॉकलेटात. संत्रं शेवटी यायचं, गिळल्यानंतर, आणि बराच वेळ राहायचं. तोवर ती बाई गावी निघून गेली होती. पुढच्या वर्षी तिनं नमुना आणलाच नाही.

तेव्हापासून मी वासाच्या पहिल्या लाटेला गुण देत नाही. पोहे शिळे असले की तर्री वाढवतात, तसंच इथेही आहे. संत्रं, पुदिना, कॉफी, काहीही असो, जो वास तोंडात जाताक्षणी ओरडतो तो बरेचदा खालचा वाईट कोको झाकत असतो. तुमच्या प्रदर्शनात परीक्षकांसाठी एवढं करा: सकाळची वेळ ठेवा, आधी दोन तास चहा, कांदा, खर्रा बंद. एका बैठकीला पाचाच्या वर नमुने नकोत. मध्ये कोमट पाणी आणि मुरमुरे. आणि प्रत्येकाला विचारा, की गिळल्यावर मिनिटभरानं तोंडात काय उरलं? कंपाऊंड असेल तर टाळूला मेणाचा थर उरतो. जीभ टाळूवर फिरवली की कळतो. त्याला संत्र्याचा इसेन्स झाकू शकत नाही.

मी राळेगावकडचा कापूस उत्पादक. सेंद्रियचे कागद करता करता आमची चप्पल झिजली. आणि शहरात चॉकलेटवर ‘नॅचरल’, ‘ऑरगॅनिक’ काहीही छापतात. खरं कोणतं मानायचं? आणि सेंद्रिय म्हणून चव चांगली असते का? साडेतीनशे रुपये कशाचे?
*– एक शेतकरी वाचक*

दादा, तुमचा राग रास्त आहे. ‘नॅचरल’ या शब्दाला फार अर्थ नसतो. ‘सेंद्रिय’ला कायद्याचा आधार आहे. अन्नसुरक्षेच्या २०१७ च्या नियमांनुसार ते लिहायचं तर एनपीओपी (केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांनी गटात एकमेकांची शेती तपासायची पद्धत) यांचं प्रमाणन लागतं आणि पाकिटावर ‘जैविक भारत’ची खूण असते. ती शोधा. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचा. आणि एनपीओपीत पूर्ण सेंद्रिय म्हणायला किमान ९५ टक्के घटक प्रमाणित असावे लागतात. चॉकलेटात संत्र्याचं तेल अगदी थेंबभर असतं, त्यामुळे कोको सेंद्रिय आणि संत्रं साधं असंही होऊ शकतं. घटकांच्या यादीत सेंद्रिय कशाकशापुढे लिहिलंय ते वाचावं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिली साखर असेल तर नाव डार्क असलं तरी तो साखरेचाच बार.

चवीचं म्हणाल तर सेंद्रियचा चवीशी थेट संबंध नाही. फवारणी न केलेल्या झाडाची बी नीट आंबवली नाही तर चॉकलेट तुरटच होणार. तुमचा सेंद्रिय कापूस पावसात भिजला तर त्याचा दर्जा जसा कागदानं वाढत नाही, तसंच. मी चाखताना वेष्टन आधी वाचतच नाही. गुण लिहून झाले की मगच चष्मा लावते.

किमतीला मात्र कारण आहे. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे रोगानं आणि हवामानानं पीक बुडालं आणि २०२४ साली भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. वाचून तुम्हाला वाटेल, चला, शेतकऱ्याचं भलं झालं. पण त्या देशांत हंगामाच्या सुरुवातीला सरकार भाव ठरवून देतं, आणि बाजार वर उडाला तेव्हा शेतकऱ्याच्या हातात तो ठरलेला भावच पडला. आपल्या वडीलधाऱ्यांनी कापसाच्या एकाधिकार खरेदीचे, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा असे दिवस पाहिलेत, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

संत्र्याच्या बागेत आंतरपीक म्हणून कोको लावता येईल का? रोपं कुठे मिळतील?
*– एक बागायतदार, काटोल*

नका लावू. ते केरळ, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूतल्या नारळ-सुपारीच्या सावलीतलं झाड. त्याला बारमाही दमट हवा लागते. आपण तर बहार धरायला बागेला मुद्दाम ताण देतो, पाणी तोडतो. एकाला तोडायचं आणि दुसऱ्याला द्यायचं, असं एका आळ्यात कसं जमणार? आणि मे महिना आहेच.

आमच्या भिवापुरी मिरचीलाही मानांकन आहे. संत्र्याचं एवढं कौतुक करता, मिरचीचं डार्क चॉकलेट का नाही? भाच्यानं केलंय, घरच्यांना वेडेपणा वाटतो. कसं जोखायचं?
*– एक वाचक, भिवापूर*

वेडेपणा कसला? साखर भेटायच्या कितीतरी आधीपासून कोकोची आणि मिरचीची ओळख आहे. मेक्सिकोकडचे लोक कोकोचं कडू पेय करायचे आणि त्यात मिरची घालायचे. स्पॅनिश लोक तिथे पोचले सोळाव्या शतकात, गोडवा त्यानंतर चढला. मिरचीही मूळची तिकडचीच, पोर्तुगीजांच्या गलबतातून आपल्याकडे आली. म्हणजे तुमची मिरची माहेरच्या माणसाला भेटायला निघालीय म्हणा.

जोखायचं असं. तिखटपणाचा जो अर्क असतो तो पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो. चॉकलेटात तो लोण्यात दडून बसतो आणि लोणी वितळेल तसतसा सुटतो. त्यामुळे चांगल्या मिरची-बारात आधी कोको, मग गोड, मग मिरचीचा वास, आणि झणका सगळ्यांत शेवटी, गिळताना घशाशी. जिभेच्या शेंड्यावर ठेवताच भाजलं तर मिरची जास्त झाली किंवा जाडसर राहिली. भाच्याला सांगा, बिया काढून मिरची मंद तव्यावर कोरडी भाजायची, रंग काळवंडू द्यायचा नाही, आणि वस्त्रगाळ करायची. पुतण्या किलोला दोन ग्रॅमपासून सुरुवात करतो आणि अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमनं वाढवतो. चिमूटभर मीठही घालून पाहा, त्यानं कोकोचा कडूपणा दबतो. आणि चाखताना मध्ये पाणी पिऊ नका, पाण्यानं तिखट तोंडभर पसरतं. दूध किंवा साधं दही घ्या. एका बैठकीला तीन नमुने पुरे, चौथ्याला जीभ साक्ष देत नाही.

नमुना पाठवणार असाल तर मला हवाच आहे, सासूबाईंना तर जास्तच. त्यांनी आत्ताच विचारलं, भिवापूरवाल्याचं कधी येते म्हणून. फक्त उन्हाळ्यात पाठवू नका. एसटीच्या टपावरून एकदा एक पार्सल आलं होतं, वेष्टन शाबूत आणि आत वरण. दिवाळी झाली की पाठवा, तोवर आंबिया बहाराची संत्रीही उतरलेली असतील. व्यापारीही आता स्वतःहून विचारतात, पुन्हा कधी बसायचं म्हणून.